पिशवी काढल्यानंतरची वीस वर्षे



२०१९ च्या उन्हाळ्यात आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या शेजारचा बीड जिल्हा देशभर चर्चेत आला. ऊसतोडीला जाणाऱ्या तरुण बायकांची गर्भाशये मोठ्या संख्येने काढली जात आहेत, ही बातमी आधी वृत्तपत्रांत आणि मग विधिमंडळात पोहोचली. बीड जिल्ह्यातल्या ९९ खाजगी रुग्णालयांत तीन वर्षांत ४,६०५ गर्भाशये काढली गेली, असे तेव्हाच्या आरोग्यमंत्र्यांनी सभागृहात सांगितले. आमदार डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्या निमित्ताने ८२,३०९ ऊसतोड कामगार स्त्रियांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे सहा बायकांमागे एक. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांत देशभराचे हेच प्रमाण ३.२ टक्के होते. दोन्ही पाहण्यांतले वयोगट तंतोतंत जुळत नाहीत हे धरले तरी एवढी तफावत वयाने भरून निघत नाही. त्यानंतर चौकश्या झाल्या, खाजगी डॉक्टरांवर जिल्हा शल्यचिकित्सकांच्या पूर्वपरवानगीचे बंधन आले, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. हे सगळे शस्त्रक्रियेच्या दिवसापर्यंतचे झाले. आज मला त्याच्या दुसऱ्या दिवसापासूनचे बोलायचे आहे. तिशीत पिशवी काढलेल्या बाईपुढे, तिची पाळी निसर्गक्रमाने गेली असती त्या वयापर्यंत, पंधरा-वीस वर्षे उरतात. त्या वर्षांत तिच्या हाडांचे, हृदयाचे, झोपेचे आणि मनाचे काय होते, हा प्रश्न सरकारी कागदावर आलेला नाही. तो यायला हवा आणि त्याचे उत्तर आपल्या हाताशी आहे, एवढेच मला आज मांडायचे आहे.

आधी हे घडते कसे ते पाहू, कारण पुढच्या काळजीचा धागा तिथूनच निघतो. ऊसतोडीत माणूस मोजत नाहीत, कोयता मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून हंगामाआधी उचल घ्यायची आणि दसरा-दिवाळीनंतर चार-सहा महिने ती अंगावर फेडायची. एक दिवस चुकला की खाडा पडतो आणि त्याचा दंड उचलीत चढतो. दिवसाला पाचशे रुपयांचा खाडा अनेक अहवालांत नोंदला गेला आहे. राहायच्या कोप्यांजवळ मोरी नाही, संडास नाही, पुरेसे पाणी नाही. पाळीचे चार दिवस मोळ्या डोक्यावर घेऊन गाडी भरायची, पहाटे तोडीला जायचे आणि रात्री परत येऊन चूल पेटवायची. अशात अंगावरून पांढरे जाते, ओटीपोट दुखते, कंबर धरते. त्यात लग्न लवकर झालेले असते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत बीड जिल्ह्यातल्या वीस ते चोवीस वयाच्या ४३.७ टक्के मुलींची लग्ने अठराच्या आत झालेली होती. राज्याची सरासरी २१.९ टक्के होती. सतराव्या वर्षी लग्न, विशीत दोन-तीन बाळंतपणे, पाठोपाठ कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया, आणि तिशीला पोचायच्या आत ‘आता पिशवीचे काम संपले’ असे सांगणारा डॉक्टर. ‘राहू दिली तर कॅन्सर होईल’ हे वाक्य त्याला जोडले की निर्णय होऊन जातो. पैसा नसेल तर मुकादमाकडून आणखी उचल मिळते. म्हणजे पिशवी काढण्याचा खर्चही पुन्हा उसातच फेडायचा.

आता शरीराकडे वळू. गर्भाशय आणि अंडाशय हे दोन वेगळे अवयव आहेत, ही साधी गोष्ट शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर फार थोड्यांना सांगितली जाते. पाळी गर्भाशयातून येते. पण पाळी चालवणारे इस्ट्रोजेन हे संप्रेरक अंडाशयात तयार होते. दोन्ही अंडाशये गर्भाशयासोबत काढली, तर त्या स्त्रीची रजोनिवृत्ती त्याच दिवशी होते. निसर्गक्रमाने जो बदल काही वर्षांत हळूहळू होतो, तो इथे एका दुपारी होऊन जातो. अंडाशये राखली असतील तर ती काम करत राहतात. तरी गर्भाशय काढलेल्या स्त्रियांत ती अपेक्षेपेक्षा लवकर थकण्याची शक्यता वाढते, असे पाठपुराव्याच्या अभ्यासांत दिसले आहे. इथे एक अडचण उभी राहते. इतर बाईला पाळी थांबली की कळते. हिची पाळी आधीच थांबलेली. त्यामुळे अंडाशयांनी कधी काम सोडले हे सांगणारी सर्वात ठळक खूण तिच्याकडे उरत नाही. अंगातून वाफा येतात, रात्री घामाने अंग भिजते, झोप मोडते, लघवीला जळजळते, नवऱ्याजवळ जाणे वेदनेचे होते, चिडचिड वाढते. पण वय बत्तीस, त्यामुळे या सगळ्याचा संबंध रजोनिवृत्तीशी आहे हे घरच्यांच्या आणि पुष्कळदा डॉक्टरांच्याही डोक्यात येत नाही. अशक्तपणा म्हणून सलाईन लावले जाते, टॉनिक दिले जाते.

भारतीय स्त्रीची पाळी साधारणपणे सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या सुमारास जाते. पंचेचाळीसच्या आत गेली तर वैद्यकशास्त्र तिला लवकर आलेली म्हणते आणि चाळीसच्या आत गेली तर अकाली. ही फक्त वयाची मोजदाद असती तर व्याख्यान देण्याचे कारण नव्हते. इस्ट्रोजेन हे केवळ मूल होण्यासाठीचे संप्रेरक नाही. ते हाडांची झीज आवरते, रक्तवाहिन्या लवचिक ठेवते, मूत्रमार्गाचे अस्तर जपते, मेंदूच्या कामातही त्याचा वाटा असतो. रजोनिवृत्तीनंतरच्या पहिल्या पाच-सात वर्षांत हाडांची घनता वीस टक्क्यांपर्यंत घटू शकते. ही घट पन्नाशीनंतर सुरू झाली तर धोक्याचा काळ सत्तरीकडे येतो. तीच घट बत्तिसाव्या वर्षी सुरू झाली तर पन्नाशीतच मनगट, मणका किंवा खुबा मोडण्याची भीती उभी राहते. ज्या बाईचे पोट डोक्यावरच्या मोळीवर आणि वाकलेल्या कमरेवर चालते, तिच्या बाबतीत मणका खचणे म्हणजे रोजगार जाणे.

हृदयाबद्दलचा पुरावा तर जास्तच ठोस आहे. अमेरिकेतल्या परिचारिकांचा जो दीर्घ अभ्यास प्रसिद्ध आहे, त्यातल्या गर्भाशय काढलेल्या २९,३८० स्त्रियांचा चोवीस वर्षे पाठपुरावा झाला आणि २००९ मध्ये निष्कर्ष छापले गेले. दोन्ही अंडाशये काढलेल्यांना अंडाशयाचा आणि स्तनाचा कर्करोग कमी झाला. पण हृदयविकार वाढला आणि एकूण मृत्यूही वाढले. कोणत्याही वयोगटात अंडाशये काढल्याने आयुष्य वाढल्याचे दिसले नाही. त्याच्या तीन वर्षे आधी मिनेसोटातल्या मेयो क्लिनिकच्या अभ्यासकांनी दाखवले होते की पंचेचाळिशीच्या आत दोन्ही अंडाशये काढलेल्या स्त्रियांत मृत्यूचे प्रमाण जास्त आहे, आणि ते मुख्यतः अशा स्त्रियांत आहे ज्यांना पुढे इस्ट्रोजेन दिले गेले नाही. माझ्या मांडणीचा कणा या शेवटच्या वाक्यात आहे. नुकसान एका अवयवाच्या नसण्याने होते तसे ते पुढच्या उपचारांच्या नसण्याने होते. अवयव परत आणता येत नाही. उपचार आणता येतो.

परदेशी परिचारिकांचे आकडे बीडच्या ऊसतोड बाईला कसे लागू होतील, असा आक्षेप येईल. तो रास्त आहे. त्या बायकांचे खाणे, काम, आयुष्य सगळे वेगळे. पण फरक कोणत्या बाजूला झुकतो ते पाहावे. त्या अभ्यासातल्या बहुतेक स्त्रिया सुशिक्षित होत्या, त्यांच्या ताटात दूध होते, दवाखाना जवळ होता आणि पुष्कळ जणी संप्रेरकांचे उपचार घेत होत्या. आपल्याकडे २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयाने ग्रस्त होत्या. दुधाचा कप घरात आधी पुरुषाला, मग मुलांना. कष्टाने हाडे बळकट होतात हेही कोणी सांगेल आणि त्यात तथ्य आहे. अंगावर भार घेऊन चालणे हाडांना मानवते. पण ज्या शरीराला पुरेसे कॅल्शियम मिळत नाही आणि ज्यात इस्ट्रोजेन उरलेले नाही, त्या शरीरात नुसता भार हाड घडवत नाही. वरून उसाच्या निसरड्या सरीत पाय घसरून पडण्याची शक्यता रोजचीच.

मग ही वर्षे आरोग्यव्यवस्थेला दिसत का नाहीत? माझे उत्तर असे की आपली सार्वजनिक आरोग्यसेवा स्त्रीकडे आई म्हणून पाहायला शिकली आहे. गरोदरपणाची नोंद, लोहाच्या गोळ्या, धनुर्वाताचे इंजेक्शन, दवाखान्यातले बाळंतपण, बाळाचे लसीकरण, आणि शेवटी कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया. इथवर आशाताई तिच्या दारात येते. हे काम मोठे आहे आणि त्याने हजारो माता वाचल्या आहेत, यात शंका नाही. पण नसबंदी झाली की त्या बाईची पानेच वहीतून संपतात. गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी दोन खेड्यांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निबंध छापला. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते आणि त्याआधी कधी स्त्रीरोगाची तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के होत्या. जगभरच्या आरोग्यधोरणाला त्या निबंधाने हलवले, आणि तो निघाला होता महाराष्ट्रातल्या खेड्यांतून. सार्वजनिक दवाखान्यात पांढरे जाण्यावर साधी तपासणी आणि साधा औषधोपचार मिळाला असता, तर बीडमधल्या किती पिशव्या वाचल्या असत्या, हा विचार मनातून जात नाही. जंतुसंसर्गावर प्रतिजैविके आहेत. जास्त रक्तस्रावावर गोळ्या आहेत, गर्भाशयात बसवायचे संप्रेरकाचे साधन आहे. गर्भाशय काढणे हा शेवटचा उपाय असायला हवा. आपल्याकडे कित्येकींना तो पहिलाच सांगितला गेला.

आणि कॅन्सरची भीती. या भीतीला मराठवाड्याने एक उत्तर दिलेले आहे, ते मराठवाड्यालाच नीट ठाऊक नाही याचे मला वाईट वाटते. बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय आणि मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय यांनी एका आंतरराष्ट्रीय संस्थेच्या साथीने तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांवर मोठा अभ्यास केला. २००९ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही या विषाणूच्या तपासणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. जगातल्या गरीब देशांनी या निष्कर्षावर धोरणे आखली. बीडला लागून असलेल्या जिल्ह्यातल्या बायकांनी जगाला दाखवून दिले की या भीतीचे उत्तर एक तपासणी आहे. आणि त्यानंतरच्या दशकात सीमेपलीकडे बीडमध्ये त्याच भीतीच्या नावाखाली निरोगी गर्भाशये काढली गेली.

आता सगळ्यात अवघड आक्षेपाकडे येतो. लवकर रजोनिवृत्ती आलेल्या स्त्रीला इस्ट्रोजेन द्यावे म्हटले की ‘हार्मोनच्या गोळ्यांनी कॅन्सर होतो’ हे उत्तर ठरलेले असते, आणि ते केवळ सामान्य माणसाचे नसते. याचे मूळ २००२ मध्ये आहे. अमेरिकेतल्या ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या अभ्यासातला १६,६०८ स्त्रियांवरचा एक भाग त्या वर्षी मुदतीआधी थांबवावा लागला, कारण इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन एकत्र घेणाऱ्यांत स्तनाचा कर्करोग, हृदयविकार आणि पक्षाघात वाढलेले दिसले. बातमी जगभर गेली आणि डॉक्टरांनीही हात आखडते घेतले. पण त्या अभ्यासातल्या स्त्रिया पन्नास ते एकोणऐंशी वयाच्या होत्या, सरासरी वय त्रेसष्ट. ज्यांच्या शरीरातून संप्रेरक निसर्गक्रमाने गेले होते त्यांना ते वरून दिले तर काय होते, हा त्या अभ्यासाचा प्रश्न होता. तिशीतल्या बाईच्या शरीरात जे असायलाच हवे होते ते परत देणे हा वेगळाच प्रश्न आहे. शिवाय त्याच अभ्यासाचा दुसरा भाग होता, त्यात गर्भाशय काढलेल्या १०,७३९ स्त्रियांना केवळ इस्ट्रोजेन दिले होते. त्यांच्यात स्तनाचा कर्करोग वाढला नाही. पक्षाघात थोडा वाढला, हेही सांगायला हवे. पण त्यांचेही वय पन्नाशीच्या पुढचेच होते. गर्भाशय नसलेल्या बाईला प्रोजेस्टिनची गरज सहसा पडत नाही, कारण ते गर्भाशयाच्या अस्तराचे रक्षण करण्यासाठी दिले जाते. म्हणजे ज्या मिश्रणाने ती भीती पसरली, ते मिश्रण आपल्या या बायकांना बहुधा लागणारही नाही.

अकाली रजोनिवृत्तीवर युरोपातल्या तज्ज्ञ संघटनांनी काढलेली मार्गदर्शक तत्त्वे आता याबाबत स्पष्ट आहेत. अडसर नसेल तर निसर्गतः पाळी जाण्याच्या वयापर्यंत संप्रेरकांची भरपाई करावी. अडसर कोणते? स्तनाचा कर्करोग झालेला असणे, पायाच्या शिरांत किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झालेली असणे, यकृताचा गंभीर विकार, कारण न कळलेला रक्तस्राव. हे तपासल्याशिवाय औषध सुरू करू नये आणि दुकानातून परस्पर आणून तर मुळीच घेऊ नये. गुठळीची शंका असेल तिथे त्वचेवर लावायचे जेल तोंडाने घ्यायच्या गोळीपेक्षा सुरक्षित मानले जाते. थायरॉइडची ग्रंथी काढलेल्या माणसाला आपण आयुष्यभर रोज सकाळी गोळी देतो आणि त्याबद्दल कोणी भुवई उंचावत नाही. अंडाशय हीदेखील ग्रंथीच आहे. ती काढल्यावर तिच्या जागी काहीच द्यायचे नाही, ही आपली रीत शास्त्रातून आलेली नाही. बाईच्या त्या अवयवाकडे मूल होण्यापुरते पाहायच्या सवयीतून ती आली आहे.

स्त्री-चळवळीतल्या माझ्या मित्र-मैत्रिणींचा आक्षेप वेगळा आहे आणि मी तो फार गांभीर्याने घेतो. ते म्हणतात, आधी या शस्त्रक्रिया थांबवा. नंतरच्या काळजीची भाषा सुरू झाली की झालेले पचनी पडते, दोषी सुटतात, आणि अन्यायाचे रूपांतर एका आजारात होते. मला हे पटत नाही, कारण पाठपुरावा हाच प्रतिबंधाचा सर्वात भक्कम पाया ठरू शकतो. पिशवी काढलेल्या प्रत्येक बाईची नोंद झाली, कोणत्या वयात काढली, कोणत्या कारणासाठी, अंडाशये राखली की नाही, कुठे काढली, हे लिहिले गेले, तर कोणत्या गावात आणि कोणत्या दवाखान्यात काय चालते हे वेगळी समिती न नेमता दिसेल. १३,८६१ हा आकडा एका पाहणीचा आहे. तो दरवर्षी आपोआप हाती आला पाहिजे. आणि तत्त्वाचा भाग बाजूला ठेवला, तरी ज्यांचे होऊन गेले त्या बायका आज चाळिशीकडे चालल्या आहेत. न्याय मिळेपर्यंत त्यांची हाडे थांबणार नाहीत.

दुसरे काही जण म्हणतात, त्यांनीच मागून शस्त्रक्रिया करून घेतली, त्रासातून सुटल्या, आता कशाला उकरायचे? ज्या बाईचा महिन्याचे दहा-बारा दिवस चाललेला रक्तस्राव थांबला, तिचे सुख खरे आहे. तिला फसवले गेले एवढेच म्हणून तिच्या निर्णयाला कमी लेखणे मला मान्य नाही. खाडा, कर्ज आणि दुखणे यांच्या कात्रीत तिने हिशेब केला आणि तो तिच्या परिस्थितीत चुकीचा नव्हता. चूक अशी की त्या हिशेबातली निम्मी बाजू तिला कुणी दाखवली नाही. संमतीपत्रावर अंगठा घेताना पुढच्या वीस वर्षांविषयी एक वाक्य बोलले गेले नसेल, तर ती संमती अपुरी आहे.

आता प्रत्यक्ष काय करावे, याबद्दल थोडे. पहिली गोष्ट कागद. डिस्चार्ज कार्डावर अंडाशये काढली की राखली, एक की दोन्ही, हे मराठीत लिहिलेले हवे. हे कार्ड आणि काढलेल्या अवयवाचा तपासणी अहवाल बाईने जपून ठेवला तर पुढचा प्रत्येक डॉक्टर योग्य दिशेने विचार करील. ज्यांचे कार्ड हरवले आहे त्यांची सोनोग्राफी आणि रक्तातल्या एफएसएच या संप्रेरकाची तपासणी यांतून बरेच कळते. दुसरी गोष्ट खाणे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ स्त्रीला रोज एक हजार मिलिग्रॅम आणि रजोनिवृत्तीनंतर बाराशे मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. मराठवाड्याच्या ताटात ज्वारीची भाकरी मुख्य आणि ज्वारीत ते फार थोडे असते. तिळात भरपूर असते, शंभर ग्रॅमला हजार मिलिग्रॅमच्या वर. नाचणीत साडेतीनशेच्या आसपास. शेवग्याचा पाला, राजगिऱ्याची भाजी, हुलग्याचे माडगे हे सगळे आपलेच आहे. संक्रांतीपुरता तीळ वर्षभर चटणीत आला तर फरक पडेल. पण तेवढ्याने भागेल असे मी म्हणणार नाही. रोज बाराशे मिलिग्रॅम ही मजुराच्या ताटातून सहज निघणारी गोष्ट नाही, म्हणून गोळी लागेल. ती गोळी परक्या जगातली नाही. गरोदर बाईला देण्यासाठी ड जीवनसत्त्वासह कॅल्शियमच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात येतातच. त्याच कपाटातली गोळी पिशवी काढलेल्या बाईच्या हातावर ठेवायला नवा कारखाना उभारावा लागणार नाही, एक आदेश काढावा लागेल.

तीच गोष्ट तपासण्यांची. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा रक्तदाब, साखर, तसेच तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग तपासण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे, आणि आशाताई त्यासाठी घरोघर प्रश्नावली भरून घेतात. त्या प्रश्नावलीत ‘पिशवी काढली आहे का, कोणत्या वयात’ एवढा प्रश्न पक्का बसवला आणि होकार आला की त्या बाईला वरच्या दवाखान्यात पाठवायचे ठरवले, तर निम्मे काम झाले. मिश्री आणि तंबाखू सोडायला मदत करणे यातच येते. हृदयाचा धोका आधीच वाढलेला असताना मिश्री त्यात भर घालते. लघवीची जळजळ आणि कोरडेपणा यांवर योनिमार्गात लावायचे इस्ट्रोजेनचे मलम अगदी कमी मात्रेत काम करते. बायका हे दुखणे तोंडातून काढत नाहीत, म्हणून विचारायचे काम डॉक्टरांचे. आणि मन. बत्तिसाव्या वर्षी पाळी गेलेल्या बाईला गावात काय ऐकावे लागते, नवरा काय म्हणतो, हे तिला विचारणारे कुणी नसते. झोप उडणे आणि उदास वाटणे याला संप्रेरकाचे कारण असते तसे एकटेपणाचेही असते. दोन्हींवर उपचार हवेत.

यासाठी नवा कायदा लागणार नाही. अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२२ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली. डॉ. नरेंद्र गुप्ता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ५ एप्रिल २०२३ रोजी निकाल देऊन तीन महिन्यांत ती सर्व राज्यांनी लागू करावीत असे सांगितले. ती याचिका बिहार, छत्तीसगड आणि राजस्थानातल्या घटनांवरून उभी राहिली होती, म्हणजे हा प्रश्न एकट्या बीडचा नाही. राष्ट्रीय, राज्य आणि जिल्हा पातळीवर देखरेख समित्या, खाजगी रुग्णालयांनीही माहिती देणे, हे सगळे त्यात आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ऊसतोड कामगारांच्या स्थितीची स्वतःहून दखल घेतली. महाराष्ट्रात गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे. हंगामाला जाण्याआधी आणि परतल्यावर आरोग्य तपासणी व्हावी, हे २०१९ पासून बोलले जात आहे. माझी सूचना एवढीच की त्या तपासणीत पिशवी काढलेल्या बायकांचा वेगळा रकाना असावा आणि तो रकाना प्रत्येकीच्या पन्नाशीपर्यंत चालू राहावा. खर्चाची भीती कोणी घालेल, तर त्याने मोडलेल्या खुब्याच्या शस्त्रक्रियेचा आणि त्या घरातल्या बुडालेल्या मजुरीचा खर्च शेजारी मांडून पाहावा.

या शहराबद्दल बोलून थांबतो. बीड, जालना, परभणी, हिंगोली इथल्या गरीब रुग्णाला शेवटचा भरवसा छत्रपती संभाजीनगरच्या घाटीचा, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाचा असतो. डॉक्टर इथे घडतात आणि इथूनच गेवराई, माजलगाव, धारूर, वडवणीकडे दवाखाने टाकायला जातात. तेव्हा माझी विनंती आधी घाटीच्या स्त्रीरोग विभागाला आणि इथल्या वैद्यकीय शिक्षकांना आहे. आठवड्यातला एक दिवस, चाळिशीच्या आत पाळी गेलेल्या किंवा पिशवी काढलेल्या बायकांसाठी राखून ठेवा. त्या दिवशी हाडांची, रक्तदाबाची, साखरेची तपासणी आणि संप्रेरकांचा सल्ला एकाच ठिकाणी मिळू द्या, आणि शिकणाऱ्या मुला-मुलींना तिथे बसवा, म्हणजे पुढे त्यांच्या हातून कुणा पंचविशीतल्या बाईची पिशवी घाईने निघणार नाही. आणि इथे बसलेल्या बाकीच्या आपणां सर्वांना सांगायचे ते असे की तुमच्या घरी, शेतावर, बांधकामावर येणाऱ्या बाईची पिशवी काढलेली असेल, तर तिच्या वयाची चौकशी करा, तिचे कार्ड वाचून पाहा, आणि एक दिवसाची मजुरी न कापता तिला तपासणीला पाठवा.